स्कॉलरशिप मिळणारे, पण फी आज भरायचीये: मधले महिने कसे काढायचे

भाचीला इंजिनिअरिंगला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, सीट लागली, घरात पेढे झाले, आणि दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन. "अरे तू ये माझ्याबरोबर, तिथे काउंटरवर ती बाई एक लाख चाळीस हजार सांगतेय. मुलींना फी माफ आहे ना?" भावजी भांडुपला एका वर्कशॉपमध्ये नोकरीला, ताई घरून पोळीभाजीचे डबे देते, एकदम एवढे पैसे निघणार कुठून. मी सुट्टी टाकून गेलो. काउंटरवरच्या मॅडम अगदी गोड बोलल्या, "काका, आत्ता पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की आम्ही रिफंड करतोच ना." आता हे वाक्य मुंबईतल्या किती आईबापांनी ऐकलं असेल देव जाणे. त्या दिवसापासून पुढचे आठ-नऊ महिने जे काही शिकलो ते इथे लिहून ठेवतोय, कारण त्यानंतर सोसायटीतल्याच चार जणांनी मला हेच विचारलंय.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. "फी माफ" म्हणजे दुकानातल्यासारखा डिस्काउंट नाही, की बिलातून कापली आणि संपलं. सरकार तुमच्या वतीने फी भरणार असतं, पण ते पैसे यायला काही महिने लागतात, कधी कधी पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडतं. आणि कॉलेजला फी हवी असते ॲडमिशनच्या दिवशी. ही दोन वेगवेगळी कॅलेंडरं आहेत, सगळी कसरत ती मधल्या काळाची आहे. योजना कुठली एवढंच शोधून माणसं थांबतात आणि मग सप्टेंबरमध्ये सोनं गहाण टाकायला पळतात.

फीचा कागद नीट वाचा, टोटल नंतर

कॉलेजकडून फीचं ब्रेकअप लेखी घ्या, तोंडी आकडा चालणार नाही. समजा कागदावर असं आहे: ट्युशन फी १,२०,०००, डेव्हलपमेंट फी १२,०००, बाकी परीक्षा, लायब्ररी, डिपॉझिट वगैरे मिळून ८,०००. टोटल १,४०,०००. सरकारी योजना बोलते ती मुख्यतः ट्युशन फी आणि परीक्षा फीबद्दल. म्हणजे १००% माफी असलेल्या मुलीलासुद्धा डेव्हलपमेंट फी आणि डिपॉझिट खिशातून भरावंच लागतं, आणि ५०% वाल्या मुलाला ६०,००० सुटतात, साधारण ८०,००० भरायचे राहतात. ताईला हेच माहीत नव्हतं, तिला वाटलेलं की शून्य. अठरा-वीस हजार तरी लागणार म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, पण निदान खरा आकडा कळला.

प्रायव्हेट विनाअनुदानित प्रोफेशनल कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याखाली, आणि कॉलेजप्रमाणे कोर्सप्रमाणे आकडे त्यांच्या वेबसाईटवर असतात. आपल्या कागदातली ट्युशन आणि डेव्हलपमेंट फी तिथल्या आकड्याशी जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. जास्त दिसली तर आधी विचारा, भांडू नका, कधी कधी बस किंवा युनिफॉर्मचे पैसे त्यात घुसवलेले असतात जे ऐच्छिक असतात. पावतीशिवाय रोख कुणी मागत असेल तर देऊ नका, कॅपिटेशन फीच्या विरोधात आपल्याकडे १९८७ पासून कायदा आहे.

तुम्ही कशात बसता

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेज स्कॉलरशिपा महाडीबीटी पोर्टलवर एकाच जागी आहेत. थोडक्यात सांगतो, कारण दरवर्षी बारीकसारीक बदल होतात आणि चालू वर्षाचा जीआर, म्हणजे सरकारचा लेखी निर्णय, बघणं हाच खरा उपाय आहे.

ओपनमधल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, लोक तिला ईबीसी म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर प्रोफेशनल कोर्सच्या ट्युशन फीचे ५०%. ओबीसी मुलांनाही ५०%, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) १००%. जुलै २०२४ मध्ये जीआर निघाला तेव्हापासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. एससी मुलांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यात फीबरोबर निर्वाह भत्तापण, आणि अडीच लाखांच्या वर गेलात तर फ्रीशिप, म्हणजे फी मिळते भत्ता नाही. हे एससीवाले लोक बऱ्याचदा "आमचं उत्पन्न जास्त आहे" म्हणून फॉर्मच भरत नाहीत, भरा बाबांनो.

दोन अटी सगळ्यात जास्त लोकांना नडतात. एक, ॲडमिशन कॅप राउंडमधून हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ही फी माफी विसरा, मार्क कितीही असोत. दुसरी, खाजगी विद्यापीठं आणि खाजगी अभिमत विद्यापीठं यात धरलेली नाहीत. मुंबईत आणि नवी मुंबईत अशी विद्यापीठं भरपूर आहेत, कॅम्पस चकाचक असतो, म्हणून ऑप्शन फॉर्म भरतानाच ही गोष्ट बघा, सीट लागल्यावर नाही. माझ्या ऑफिसमधल्या एकाने बघितली नाही, तो आता चार वर्षं पूर्ण फी भरतोय.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर वेगळ्या. बारावीत बोर्डाच्या वरच्या २०% मुलांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० मिळतात. टेक्निकल शिकणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती, वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग मुलांसाठी सक्षम, तीपण ५०,०००. मात्र त्याच फीसाठी दोन सरकारी योजनांचे पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे फॉर्म टाकण्याआधी अटी वाचा, नाहीतर एक जण अडकवतो आणि दुसराही जातो.

राहण्याचा खर्च वेगळा. गावाहून मुंबईत आलेल्या आणि सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या एससी मुलांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबईसाठी वर्षाला ६०,०००, आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयंम. मुंबईत पेइंग गेस्टचं भाडं बघता हे पुरत नाही, पण मेसचा प्रश्न बराच सुटतो.

दाखले जूनमध्ये, ॲडमिशननंतर नाही

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. उपनगरात तीन तालुके, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. विक्रोळी, भांडुप, मुलुंड, घाटकोपर हे सगळं कुर्ला तालुक्यात येतं हे भांडुपात जन्म काढलेल्या भावजींना माहीत नव्हतं. दादर, परळ, गिरगाव वगैरे मुंबई शहर जिल्ह्यात. आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, नाही जमलं तर सेतू केंद्रात. आईवडील दोघांचं उत्पन्न धरायचं असतं, नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा रिटर्न जोडा. दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, मागच्या वर्षीचा लॅमिनेट केलेला घेऊन लोक येतात आणि परत जातात.

राखीव कोट्यातून असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला नॉन क्रीमी लेयर. वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाकून मोकळे व्हा.

काउंटरवर काय बोलायचं, आणि लेखी काय द्यायचं

इथे थोडं सविस्तर सांगतो. पात्र विद्यार्थ्यांकडून शिष्यवृत्तीच्या भागाची रक्कम ॲडमिशनच्या वेळी घ्यायची नाही, अशा सरकारच्या सूचना कॉलेजांना आहेत. तरी काउंटर पूर्ण मागतो, कारण कॉलेजलाही पगार करायचे असतात आणि मागे काही मुलांनी फॉर्मच भरला नाही असा त्यांचा अनुभव असतो. म्हणजे त्यांची भीती अगदीच खोटी नाही. ती भीती काढायची, की माणूस ऐकतो.

आम्ही काय केलं, तर त्या मॅडमशी वाद न घालता अर्धा तास बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे बसलो आणि एक साधा अर्ज लिहिला, मराठीत. साधारण असा:

"माननीय प्राचार्य, मला कॅप फेरीतून आपल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. मी ओबीसी प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी आहे, दाखला सोबत जोडला आहे. ट्युशन फी रु. १,२०,००० साठी मी महाडीबीटीवर अर्ज करणार आहे. उर्वरित रु. २०,००० पैकी रु. ८,००० आज भरत आहे, रु. ६,००० दि. १० ऑक्टोबर व रु. ६,००० दि. १० डिसेंबर रोजी भरेन. शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास ट्युशन फी हप्त्याने भरण्याची माझी व पालकांची तयारी आहे. तरी प्रवेश निश्चित करावा, ही विनंती."

खाली भाचीची आणि भावजींची सही. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हीच पोच नंतर दोनदा कामाला आली. तारखा हवेतल्या टाकू नका, घरात पैसा कधी येतो त्याप्रमाणे टाका. ताईची भिशी ऑक्टोबरला लागणार होती म्हणून १० ऑक्टोबर.

बहुतेक कॉलेज एक हमीपत्र भरून घेतात, ते वाचून सही करा. "स्कॉलरशिप न आल्यास पूर्ण फी भरेन" इतपत ठीक आहे. "ठराविक तारखेपर्यंत न आल्यास दंडासह भरेन" असं असेल तर तिथे थांबा आणि विचारा, कारण पैसे कधी येणार हे तुमच्या हातात नाही. हमीपत्राचा फोटो काढून ठेवा.

पोस्ट डेटेड चेक मागितले तर जपून. खात्यात पैसे नसताना तो चेक वटायला टाकला आणि बाउन्स झाला तर कलम १३८ खाली केस होऊ शकते, फी राहिली बाजूला. जेवढे हप्ते नक्की भरणार तेवढ्याचेच द्या, स्कॉलरशिपच्या भागाचा चेक देऊ नका.

आणि आता एक नवीन प्रकार निघालाय. फी काउंटरच्या बाजूला टेबल टाकून एक टायवाला मुलगा बसतो, "नो कॉस्ट ईएमआय, फक्त पॅन आणि आधार द्या." लोकांना वाटतं कॉलेज हप्ते करून देतंय. नाही हो, ते कर्ज आहे. फायनान्स कंपनी कॉलेजला एकदम पैसे देते आणि तुम्ही त्या कंपनीचे देणेकरी होता. उद्या पुढच्या राउंडला चांगलं कॉलेज लागलं आणि ही ॲडमिशन कॅन्सल केली तरी रिफंड हातात येईपर्यंत ईएमआय कापला जातो, हप्ता चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, डाग. व्याज कॉलेज भरतंय की तुम्ही, प्रोसेसिंग फी किती, कॅन्सल केल्यास काय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली तरच बघा. कॉलेजशी थेट ठरवलेले हप्ते यापेक्षा केव्हाही बरे.

फॉर्म भरला म्हणजे झालं नाही

महाडीबीटीवर प्रोफाईल पूर्ण भरा, कॅप ॲडमिशनचा नंबर टाकलात की ॲडमिशनची बरीच माहिती आपोआप येते, कागद २५६ केबीच्या आत करून अपलोड करा. मोबाईलवर कागदाचा वाकडा फोटो काढून टाकू नका, वाचता आला नाही की परत येतो. फॉर्म सबमिट झाला की आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. कॉलेजातच अडकून पडण्याचं प्रमाण खूप असतं, म्हणून आठवड्यातून एकदा स्टेटस बघा आणि महिनाभर हलला नाही तर स्कॉलरशिप सेक्शनला जाऊन नम्रपणे विचारा. "सेंट बॅक" दिसलं की त्यात कारण लिहिलेलं असतं, दुरुस्त करून मुदतीत परत पाठवा. भाचीचा फॉर्म एकदा परत आला, कारण दाखल्यावर तिच्या बाबांचं नाव पूर्ण होतं आणि मार्कशीटवर फक्त आद्याक्षर.

आणि बँक खातं! पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय त्यात जातात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही, तो वेगळा फॉर्म असतो. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, बँकेचं नाव दिसतं. आम्ही बघितलं तर आठवीत असताना शाळेने उघडून दिलेलं झिरो बॅलन्स खातं निघालं, ज्याचं पासबुक कुठे आहे कुणालाच आठवेना. ते बदलायला दोन चकरा आणि एक आठवडा गेला. हे फॉर्म भरायच्या आधी करा.

पैसे कुठे येतात हेही योजनेप्रमाणे बदलतं. कुठे फी थेट कॉलेजला आणि भत्ता मुलाला, तर एससी पोस्ट मॅट्रिकमध्ये केंद्राचा ६०% हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली म्हणून नवीन मोबाईल घेतलेली मुलं मी बघितलीत. ते पैसे तुमचे नाहीत, कॉलेजचे आहेत.

मध्येच कॉलेजने हॉल तिकीट अडवलं तर? भाचीच्या वेळी असा निरोप आलाच. पोचवाला अर्ज, महाडीबीटीचा अर्ज क्रमांक आणि स्टेटसचा प्रिंटआउट घेऊन प्राचार्यांना भेटलो, दहा मिनिटांत काम झालं. नसतं झालं तर पुढची पायरी म्हणजे आपल्या योजनेचा विभाग, आणि इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला तंत्रशिक्षणचं विभागीय सहसंचालक कार्यालय, ते वांद्रे पूर्वेला खेरवाडीत गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकच्या आवारात आहे. तिथे जाताना लेखी तक्रार न्या, रिकाम्या हाताने गेलात तर "कॉलेजशी बोला" एवढंच ऐकायला मिळेल.

तरी कमी पडलं तर

शैक्षणिक कर्ज हे शेवटचं, पण वाईट नाही. सरकारी बँकांत ४ लाखांपर्यंत साधारण तारण लागत नाही, कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, फेडायला १५ वर्षांपर्यंत. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं समजू नका, ते पहिल्या दिवसापासून चढत असतं, दर महिन्याला थोडं व्याज भरत राहिलात तर शेवटी डोंगर होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, त्यात ठराविक नामांकित संस्थांत ॲडमिशन असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३% व्याज सवलत. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. एक युक्ती सांगतो, कर्ज मंजुरीचं पत्र हातात आलं की त्याची प्रत कॉलेजला द्या, बँकेचे पैसे येईपर्यंत बरीच कॉलेजं थांबतात.

ट्रस्टसुद्धा आहेत. मुंबईचं हे एक बरं आहे, इथे जुन्या ट्रस्टना तोटा नाही. टाटा ट्रस्ट, आर. डी. सेठना फंड, डिप्लोमाच्या मुलांसाठी के. सी. महिंद्रा ट्रस्ट, पदवीच्या पहिल्या वर्षाला रिलायन्स फाउंडेशन. पुस्तकांसाठी लालबागच्या राजाची पुस्तक पेढी आहे. पण यांचे अर्ज ठराविक महिन्यातच निघतात आणि बऱ्याच ठिकाणी मुलाखत असते, म्हणून पहिल्या हप्त्यासाठी यांच्यावर विसंबू नका.

ॲडमिशन बदलली तर

सीट बदलताना कॅपच्या कट-ऑफ तारखेच्या आत कॅन्सल करा, तारीख उलटली की रिफंडचं गणित बिघडतं. कॅप नसलेल्या डिग्री कोर्सला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम आहे: शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी कॅन्सल केलं तर प्रोसेसिंगचे थोडे पैसे कापून पूर्ण फी परत, त्यानंतर ९०%, तारीख गेल्यावर १५ दिवसांत ८०%, ३० दिवसांपर्यंत ५०%, पुढे काही नाही. आणि ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, दाखवून परत घ्या.

दुसऱ्या वर्षी हे आपोआप चालू राहत नाही, रिन्युअलचा फॉर्म दरवर्षी भरायचा, नवा उत्पन्नाचा दाखला जोडून. भाचीचे पहिल्या वर्षाचे पैसे कॉलेजला पोचल्यावर आम्ही फी सेक्शनमधून तिच्या नावाचं लेजर, म्हणजे फीचा हिशेब, प्रिंट करून घेतलं, बाकी शून्य दिसेपर्यंत तिथून हललो नाही. ताईने तो कागद, पोच आणि सगळ्या पावत्या एका निळ्या फाईलमध्ये लावल्यात, आणि या जूनमध्ये दाखल्याचा अर्ज ताईने मला न विचारता, डबे पोचवून आल्यावर, स्वतःच मोबाईलवर भरला.